कोटींच्या हिशेबातली एक वजाबाकी

२०११च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्यात ११,९७,१६० माणसं भरली. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके. या सगळ्यांतली झाडून सारी माणसं, पाळण्यातल्या पोरापासून पोहरादेवीला काठी टेकत जाणाऱ्या आजोबांपर्यंत, एका बाजूला उभी केली. आणि २०२२ या एका वर्षात जगभरात प्रोस्टेट कॅन्सरचं निदान झालेले पुरुष दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू भारी भरते. जागतिक अंदाजानुसार ते होते १४,६६,६८०. दर साडेएकवीस सेकंदांना एक. त्यात भारताचे ३७,९४८, म्हणजे दिवसाला शंभरावर. ‘लॅन्सेट’च्या आयोगानं २०२४मध्ये सांगून ठेवलंय की २०२०मधली १४ लाखांची ही वार्षिक संख्या २०४०पर्यंत २९ लाखांवर जाईल.

पण हे झाले बाहेरचे आकडे. खरी मती गुंग होते ती एकाच रुग्णाच्या शरीरात डोकावल्यावर. समजा, रिसोडकडचे सत्तरीतले एक शेतकरी आहेत. प्रोस्टेटमधला कॅन्सर कमरेच्या हाडांत आणि मणक्यांत पोचलाय. संप्रेरक दाबणारं इंजेक्शन सुरू होऊन तीन महिने झालेत. मुलगा डॉक्टरांना विचारतो, ‘साहेब, औषध लागू पडून राह्यलं का?’

याचं उत्तर म्हणजे एक वजाबाकी: आधी किती होतं, आता किती उरलंय. पण ही वजाबाकी मांडायला जे मोजावं लागतं, ते कधी ग्रॅमच्या हजार कोटीव्या भागात असतं, तर कधी सेकंदाला शेकडो कोटींत.

सात-आठ हजार कोटी रेणू

सगळ्यात स्वस्त आणि सोपी वजाबाकी रक्तातली. पुरुषी संप्रेरक आटवलं की हा कॅन्सर आकसतो, हे शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी १९४१मध्ये दाखवलं. हगिन्स यांच्याकडे ना सीटी होता, ना बोन स्कॅन. त्यांनी रक्तातलं अ‍ॅसिड फॉस्फटेज हे विकर उपचाराआधी आणि नंतर मोजलं. १९६६मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आज त्या जागी पीएसए हे प्रोस्टेटमधून रक्तात उतरणारं प्रथिन आहे. चाळणी-तपासणीची जुनी, ढोबळ रेषा म्हणजे मिलिलिटरमागं ४ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम हा ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. वाचताना काहीच नसल्यासारखं वाटतं. पण पीएसएच्या रेणूचं वजन धरून हिशेब केला, तर रक्ताच्या त्या एका मिलिलिटरमध्ये सात-आठ हजार कोटी रेणू निघतात, पृथ्वीवरच्या एकूण माणसांच्या नऊ-दहा पट. आणि ही झाली काळजीची रेषा कुठे सुरू होते त्याची गोष्ट. हाडांत पसरलेल्या आजारात पीएसए शेकड्यांत, कधी हजारांत जातो. औषध लागू पडलं तर तोच एक आकडी होऊ शकतो.

मग स्कॅन कशाला? कारण पीएसए एकूण बेरीज सांगतो, पत्ता सांगत नाही. पाच मणके सुधारले आणि सहावा बिघडला, तरी बेरीज उतरलेलीच दिसू शकते. ‘प्रीव्हेल’ नावाच्या चाचणीत १,७१७ रुग्ण होते. त्यातल्या एन्झालुटामाइड या औषधावरच्या ज्या रुग्णांचा आजार स्कॅनमध्ये वाढलेला दिसला, त्यांच्यापैकी सुमारे चौथ्या हिश्श्याचा पीएसए वाढलेलाच नव्हता. रक्त म्हणत होतं ठीक आहे, हाडं म्हणत होती नाही.

१८ कोटी ठिपके, पाच मापं

सीटी स्कॅनचा एक काप म्हणजे आडवे ५१२ आणि उभे ५१२ ठिपके: २,६२,१४४. छातीपासून ओटीपोटापर्यंत एक-एक मिलिमीटरचे ७०० काप धरले, तर १८ कोटी ३५ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला स्वतःची एक संख्या असते. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड शेकड्यांत.

या १८ कोटींतून रेडिओलॉजिस्ट निवडतो जास्तीत जास्त पाच गाठी, आणि एका अवयवातल्या फार तर दोन. गाठ किमान १० मिलिमीटरची हवी. लिम्फ नोड असेल तर आखूड बाजूनं १५ मिलिमीटर. त्यांचे व्यास मोजायचे आणि बेरीज करायची. पुढच्या स्कॅनमध्ये बेरीज ३० टक्के उतरली, तर ‘अंशतः प्रतिसाद’. सगळ्यात कमी असलेल्या बेरजेपेक्षा २० टक्के आणि निदान ५ मिलिमीटर वाढली, तर ‘आजार वाढला’. मधलं सगळं ‘स्थिर’. २००९पासून जगभर हीच फूटपट्टी चालते.

इथं भूमिती आपल्याला चकवते. ३० मिलिमीटरची गोल गाठ २१वर आली, तर व्यास ३० टक्के घटला, पण आकारमान ६६ टक्के घटलं. ऑन्कोलॉजीतला जुना ढोबळ नियम असा, की एका घन सेंटिमीटर गाठीत शंभर कोटी पेशी. त्या हिशेबानं या गाठीतल्या सव्वानऊशे कोटी पेशी नाहीशा झाल्या. पृथ्वीवर एवढी माणसंसुद्धा नाहीत. रिपोर्टात मात्र शब्द येतो ‘अंशतः’.

उलट बाजूही तितकीच चक्रावणारी आहे. तीच गाठ ३०वरून ३५ मिलिमीटर झाली, तर व्यास १७ टक्के वाढला. २०च्या आत, म्हणून ‘स्थिर’. आकारमान मात्र ५९ टक्क्यांनी फुगलेलं असतं. ‘स्थिर’ वाचून हायसं वाटणाऱ्या घरच्यांनी व्यासाचा आकडा विचारायला हरकत नाही.

मग रेषा इतकी लांब का ठेवली? कारण तीच गाठ तेच डॉक्टर दुसऱ्यांदा मोजतात, तेव्हाही मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. श्वास कमी-जास्त घेतला तर फरक, काप जाड घेतला तर फरक. मोजमापातल्या या डळमळीपेक्षा मोठा बदल दिसला, तरच तो बदल खरा मानायचा.

लाखांतला एखादा किरण

प्रोस्टेट कॅन्सरची खोड अशी, की तो सगळ्यात जास्त हाडांकडे धावतो. आणि हाडांतला डाग व्यासात मोजता येत नाही. बरा झालेला डागसुद्धा सीटीवर पांढरा, टणक होऊन तसाच राहतो. २०६ हाडांपुढे फूटपट्टी हात टेकते.

म्हणून बोन स्कॅन. हातात टेक्नेशियमचं इंजेक्शन देतात, साधारण ७४० मेगाबेक्वेरल, म्हणजे सेकंदाला ७४ कोटी अणू फुटतात. त्या टेक्नेशियमचं वजन सुमारे चार नॅनोग्रॅम. मग दोन-तीन तास थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं, लघवीला जाऊन यायचं. कडदोरा, चाव्या, नाणी बाहेर ठेवून अरुंद पलंगावर उताणं पडायचं. अंगावर एक आणि पाठीखाली एक असे दोन चपटे कॅमेरे डोक्यापासून पायांपर्यंत सरकत जातात. वीसेक मिनिटांत समोरून आणि मागून असे दोन सांगाडे कागदावर उतरतात. जिथं हाड स्वतःची डागडुजी करतंय, तिथं काळा डाग.

त्या वीस मिनिटांत शरीरात हजारो कोटी किरण सुटतात. नियम सांगतो, की चित्र नीट यायला एका बाजूनं किमान १५ लाख किरण मोजले जावेत. म्हणजे लाखांतला एखादाच किरण कॅमेऱ्याच्या शिशाच्या जाळीतून आत येतो. बाकीचे शरीरात अडतात, भलतीकडे जातात किंवा जाळीवर आपटतात. डॉक्टर निर्णय घेतात तो त्या एखाद्याच्या भरवशावर.

आणि इथंच मोठी गल्लत होते. टेक्नेशियम कॅन्सरला चिकटत नाही, ते हाडाच्या दुरुस्तीला चिकटतं. औषध लागू पडलं, कॅन्सर मागं हटला, की हाड जोमानं भरू लागतं. पूर्वी न दिसलेले डाग उमटतात, जुने जास्त काळे होतात. आठ-बारा आठवड्यांनी केलेला स्कॅन बघून घरचे हबकतात: आजार वाढला! खरं तर तो बरं होण्याचा गाजावाजा असू शकतो. डॉक्टर त्याला ‘फ्लेअर’ म्हणतात.

यावर २०१६च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी काढलेला तोडगा पहिलीतलं पोरही सोडवील असा आहे: दोन अधिक दोन. उपचारानंतरच्या पहिल्या स्कॅनमध्ये दोन किंवा अधिक नवे डाग दिसले, तर लगेच औषध बदलायचं नाही. किमान सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करायचा. त्यात आणखी दोन नवे डाग आले, तरच आजार वाढला म्हणायचं. अणूंच्या कोट्यवधी स्फोटांतून निघालेला निकाल शेवटी चार डागांवर ठरतो. हा नियम पाळला नाही, तर काम करणारं औषध अर्ध्यातच बंद होतं. आणि या आजारात औषधांची यादी काही अमर्याद नसते.

ग्रॅमचा हजार कोटीवा भाग

गेल्या दशकभरात यात पीएसएमए पेट स्कॅननं उडी घेतली. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींच्या पाठीवर पीएसएमए नावाचं प्रथिन नेहमीपेक्षा शेकडो पट दाटलेलं असतं. त्याला चिकटणाऱ्या रेणूवर गॅलियम-६८चा किरणोत्सारी अणू बसवायचा आणि शिरेतून सोडून द्यायचा. हा डाग हाडाच्या दुरुस्तीचा नसतो, खुद्द पेशींचा असतो.

१५० मेगाबेक्वेरलचा डोस धरला, तर सेकंदाला १५ कोटी अणू फुटतात. त्या गॅलियमचं वजन एक दशांश नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा हजार कोटीवा भाग. तेवढ्यावर अख्ख्या माणसाचं चित्र निघतं. गॅलियमचं अर्धायुष्य ६८ मिनिटं. इंजेक्शन दिलं, तासभर थांबलं, तेवढ्यात जवळपास निम्मा माल संपलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पंचवीस लाखांतला एक भाग उरतो. त्यामुळे गॅलियम मुंबईहून वाशिमला पाठवता येत नाही. ते रुग्णालयातच, २७१ दिवस अर्धायुष्य असलेल्या जर्मेनियमपासून, रोज ताजं काढावं लागतं. म्हणून औषधाऐवजी माणूस प्रवास करतो: अकोला सुमारे ८० किलोमीटर, नागपूर अडीचशेच्या आसपास आणि मुंबई त्याच्या दुपटीहून लांब.

फुटलेल्या अणूतून पॉझिट्रॉन निघतो, काही मिलिमीटरवर एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि दोन किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतीचं यंत्राचं कडं ते दोन्ही पकडतं, आणि कुठला किरण किती आधी आला हेही बघतं. हा फरक मोजायची आजच्या यंत्रांची ताकद सुमारे ३०० पिकोसेकंद. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग प्रकाश सुमारे २.३ मिलिसेकंदांत पार करील. ३०० पिकोसेकंदांत तो चालतो जेमतेम नऊ सेंटिमीटर. तेवढ्या फरकावरून ठिणगी कमरेतल्या कुठल्या भागात उडाली, याचा माग लागतो. वीस मिनिटांच्या स्कॅनमध्ये शरीरात सुमारे आठ हजार कोटी अणू फुटतात. नेहमीचं यंत्र त्यातले टक्काभरही मोजत नाही. अमेरिकेत डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या प्रकल्पातून २०१८मध्ये १९४ सेंटिमीटर लांबीचं, डोक्यापासून पायापर्यंत माणूस एकदम मावणारं यंत्र आलं. त्यात किरण टिपणारे ५,६४,४८० स्फटिक आहेत.

महाराष्ट्राला या कामाचा वारसा जुना आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला १९६३मध्ये सुरू झालं, आणि देशातलं पहिलं पेट यंत्र २००२मध्ये तिथंच लागलं.

२०२०च्या ‘प्रोपीएसएमए’ चाचणीत ३०२ रुग्ण होते. आजार पसरला आहे की नाही हे ओळखण्यात पीएसएमए पेट स्कॅनची अचूकता ९२ टक्के निघाली, सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५ टक्के. पण ते निदान झालं. उपचाराचा परिणाम मोजायला वेगळी फूटपट्टी लागते. २०२२मध्ये पुढे आलेल्या एका पद्धतीत शरीरातल्या सगळ्या उजळ भागांचं एकत्र आकारमान काढतात: ३० टक्के घट आणि नवा डाग नाही, तर प्रतिसाद; २० टक्के वाढ आणि नवा डाग, तर वाढ.

टक्के तेच, ३० आणि २०. पण सीटीत ते व्यासाचे होते, इथं आकारमानाचे. आकारमान ३० टक्के घटायला एका गोल गाठीचा व्यास फक्त ११ टक्के घटला तरी पुरतं. म्हणून सीटीच्या रिपोर्टातले ३० टक्के आणि पेटच्या रिपोर्टातले ३० टक्के शेजारी ठेवून घरी बसल्या तुलना करू नये.

सेकंदाला ७४० कोटी

त्याच पीएसएमएच्या मागावर गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ पाठवलं, की चित्राचं औषध होतं. एक डोस ७.४ गिगाबेक्वेरल: सेकंदाला ७४० कोटी अणू फुटतात. सहा-सहा आठवड्यांनी चार ते सहा डोस. अर्धायुष्य पावणेसात दिवसांच्या आत-बाहेर, त्यामुळे हे मात्र प्रवास करू शकतं. तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत, जी १९८५पासून चालू आहे, ते तयार होतं.

एका डोसमधले किरणोत्सारी अणू मोजले तर सहावर पंधरा शून्यं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या अंकस्थानांत पंधरा शून्यांच्या या स्थानाला ‘अंत्य’ म्हणतात. असे सहा अंत्य. आणि या सगळ्या अणूंचं वजन? जेमतेम दोन मायक्रोग्रॅम. वाशिमच्या शेतातला सोयाबीनचा एक दाणा घ्या, त्याचे साठ हजार तुकडे करा, त्यातला एक उचला. बाटलीत किरणोत्सारी ल्युटेशियम तेवढंच असतं.

त्यातून निघणारे बीटा कण सरासरी पाऊण मिलिमीटरही जात नाहीत. कॅन्सरच्या वस्तीत घुसतात, शेजारच्या काही डझन पेशी होरपळवतात आणि थांबतात. शिवाय दर शंभर स्फोटांमागं दहावर गॅमा किरणही सुटतात, ते कॅमेऱ्याला दिसतात. म्हणजे उपचाराच्या दुसऱ्या दिवशी, वेगळं इंजेक्शन न देता, औषध कुठं जाऊन बसलंय याचं चित्र मिळतं. पहिल्या डोसचं चित्र आणि तिसऱ्या डोसचं चित्र शेजारी ठेवलं, की वजाबाकी समोरच असते.

हे सगळं केल्यावर हाती किती लागतं? ८३१ रुग्णांच्या ‘व्हिजन’ चाचणीत हे औषध घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १५.३ महिने आलं, न घेणाऱ्यांचं ११.३. फरक चार महिन्यांचा, आणि तो अशा रुग्णांत ज्यांची बाकीची औषधं थकली होती. कोटी-अब्जांच्या या गणितात सगळ्यात लहान आकडा हाच, आणि घरच्यांना सगळ्यात मोठा वाटणाराही हाच.

न दिसणाऱ्या साडेसहा कोटी

आता समजा रिपोर्ट आला, ‘कुठंही डाग नाही’. पेढे वाटावेत का?

पेट यंत्राला नीट दिसणारा ठिपका ढोबळमानानं पाच मिलिमीटरचा. शंभर कोटींच्या नियमानं तेवढ्या गोळ्यात साडेसहा कोटी पेशी बसतात. वाशिम जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या ५४ पट. एका पेशीपासून इथवर पोचायला तिला २६ वेळा दुप्पट व्हावं लागतं, आणि या सव्विसाव्या दुपटीपर्यंत यंत्र आंधळंच असतं. काही संशोधक घन सेंटिमीटरमागं दहाच कोटी पेशी धरतात. तसं धरलं तरी पाच वाशिम जिल्हे लपून बसतील.

म्हणून स्कॅन कोरा आला तरी डॉक्टर इंजेक्शन थांबवत नाहीत, पीएसए बघणं सोडत नाहीत. ते उगाच घाबरवतात असं नाही. यंत्राचं शून्य आणि गणिताचं शून्य एकच नसतं, हे त्यांना ठाऊक असतं.

३६ कोटी ७० लाख बाइट

वाशिमला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पण पीएसएमए पेटसारख्या तपासणीसाठी वाशिमकराला बहुधा अजूनही जिल्ह्याबाहेर पडावं लागतं. आणि पहिला स्कॅन अकोल्याला, दुसरा नागपूरला, तिसरा नातेवाइकांच्या सोयीनं पुण्याला, असं सहज घडतं. खर्च आणि धावपळ बघता ते समजण्यासारखं आहे. वजाबाकी बिघडते ती इथंच. यंत्र बदललं, किरणोत्सारी द्रव्य बदललं, इंजेक्शननंतर साठऐवजी नव्वद मिनिटं थांबवलं, तरी डागाचा उजळपणा बदलतो. आजार जिथल्या तिथं असतो आणि आकडा हलतो.

यातलं सगळं काही रुग्णाच्या हातात नाही. दोन गोष्टी आहेत. जमेल तितके स्कॅन एकाच ठिकाणी, त्याच प्रकारचे करून घ्यायचे. आणि स्कॅन झाल्यावर कागदाचा रिपोर्ट मिळतो, तो पुरेसा नसतो. सीडी मागून घ्यायची. ७०० कापांचा सीटी म्हणजे सुमारे ३६ कोटी ७० लाख बाइट, एका सीडीत निवांत मावतात. रिपोर्टात पाच मापं असतात. सीडीत सगळे १८ कोटी ठिपके असतात. नागपूरच्या डॉक्टरांना अकोल्यात मोजलेली नेमकी तीच गाठ, त्याच कापात, पुन्हा मोजायची असेल, तर त्यांना ते ठिपकेच लागतात. कित्येक घरांत रिपोर्ट प्लास्टिकच्या फाइलीत जपून ठेवलेला असतो आणि सीडी कुठं गेली ते कुणालाच सांगता येत नाही.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आजच्या स्कॅनमध्ये अर्धंच असतं. उरलेलं अर्धं तीन महिन्यांपूर्वीच्या सीडीत. ती पिशवीत नसेल, तर एकेक किरण मोजणाऱ्या यंत्रापुढे बसूनही डॉक्टरांना इतकंच सांगता येईल, की आज एवढं आहे. कमी झालं का, हे सांगायला वरचा आकडा लागतो.